भगिनी शहरांची वरात

माझा एक भाचा अमेरिकेत सॅन होजे नावाच्या गावी असतो. हल्ली प्रत्येक मराठी घरातला एक तरी भाचा त्या बाजूला असतोच, तेव्हा यात मी काही विशेष सांगितलं असं नाही. हा भाचा दर रविवारी सकाळी फोन करतो. तेव्हा त्याच्याकडे शनिवारची रात्र असते आणि आमच्याकडे आंघोळीची वेळ. त्यामुळे आमच्या संभाषणात त्याच्या बाजूने उत्साह आणि माझ्या बाजूने टॉवेल असतो.

गेल्या वर्षी ऑगस्टात त्याचा असाच फोन आला. त्यांच्या गावात दर उन्हाळ्यात जाझचा मोठा उत्सव भरतो, तो ऐकून नुकताच घरी आला होता.

"मामा, तुला माहीत आहे का, सॅन होजे आणि आपलं पुणं ही भगिनी शहरं आहेत. 1992 पासून!"

"असतील," मी म्हणालो. पुण्याला परदेशात बहीण मिळाली याचं आम्हा खानदेशी माणसांना आश्चर्य वाटत नाही. पुण्याला सगळंच आधी मिळतं.

"मग माझ्या डोक्यात आलं, इकडचे जाझवाले तिकडे पाठवायचे, तिकडचे कलावंत इकडे आणायचे. पुण्यालाच का? जळगावला का नाही? जळगावचं भगिनी शहर कोणतं?"

मी टॉवेल सावरत म्हणालो, "धुळे."

भाच्याला तो विनोद वाटला. पण मी शुद्ध इतिहास सांगत होतो. 1906 सालापर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता. तो फार मोठा आहे असं साहेबाच्या लक्षात आल्यावर त्यानं त्याचे दोन तुकडे केले. पूर्व खानदेशचं ठाणं जळगावला आणि पश्चिम खानदेशचं धुळ्याला. म्हणजे या दोघी एकाच आईच्या पोटच्या सख्ख्या बहिणी. आणि सख्ख्या बहिणी म्हटल्यावर जे असतं ते सगळं त्यांच्यात आहे. जळगावाला वाटतं की आपण मुंबई-कलकत्त्याच्या मोठ्या लाइनीवर आहोत, आणि धुळ्याला यायचं तर बिचाऱ्यांना चाळीसगावला गाडी बदलावी लागते. धुळ्याला वाटतं की आपले रस्ते कसे आखून काढल्यासारखे सरळ, नाहीतर जळगाव! आम्ही 'काहून?' विचारतो, ते 'काबर?' विचारतात. दोन्हींचा अर्थ 'का?' एवढाच. पण आमच्या काहूनला त्यांच्याकडे हसतात आणि त्यांच्या काबरला आमच्याकडे. मधे एरंडोल आणि पारोळा ही दोन गावं धरून पंचाण्णवेक किलोमीटरचं अंतर. एवढ्या जवळच्या बहिणींना एकमेकींविषयी प्रेम वाटायला फारच कमी जागा उरते. भगिनीप्रेमाला मधे एखादा समुद्र तरी हवा.

हे शहरांच्या बहिणी लावण्याचं खूळ कुठून आलं ते मी नंतर पाहिलं. 1956 साली अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी एक योजना काढली. सरकारांनी सरकारांशी काय बोलायचं ते बोलावं, पण माणसांनीही परस्पर माणसांशी बोलावं. त्यातून ही शहरांची नाती अमेरिकेत फोफावली. आमच्या मुंबईला 1965 साली योकोहामा, 1968 साली स्टुटगार्ट आणि 1972 साली लॉस एंजेलिस अशा बहिणी मिळाल्या. गंमत अशी की जर्मन लोक या शहरांना भागीदार म्हणतात, रशियन लोक भाऊ म्हणतात आणि आपण इंग्रजीवरून बहीण म्हणतो. व्यापारी माणसाला भागीदार दिसतो, क्रांती केलेल्याला बंधू दिसतो. आपल्याला बहीण दिसली हे चांगलंच झालं, पण भाऊबीजेला कोणी कोणाला ओवाळायचं हे कुठल्याही करारात लिहिलेलं नसतं. महापौर जातात, येतात, हार घालतात, एखादं झाड लावतात. झाडाचं पुढं काय झालं हे विचारू नये.

त्याच 1956 साली अमेरिकन सरकारला दुसरीही एक युक्ती सुचली. रशिया जगभर आपले बॅले नर्तक पाठवत होता. आपण काय पाठवावं? तर जाझ. आधी डिझी गिलेस्पीला पाठवलं. मग 1958 साली डेव्ह ब्रूबेक निघाला आणि पोलंड, तुर्कस्तान करत आपल्याकडेही आला. 1963 साली ड्यूक एलिंग्टन, 1964 साली लुई आर्मस्ट्राँग. हे पुढचे तिघे मुंबईला वाजवून गेले. आता मुंबई आणि कलकत्ता यांच्या बरोबर वाटेवर जळगाव आहे, हे मी आत्ताच सांगितलं. पण आमच्या फलाटावर उतरून कोणी चार फुंकरा मारल्याचं ऐकिवात नाही. राजकारणात केळ्यांच्या गावाला महत्त्व मिळायला ते गाव मध्य अमेरिकेत असावं लागतं.

जाझशी माझी पहिली भेट शॉर्टवेव्हवर झाली. मी कॉलेजात होतो आणि आमच्या वाड्यातल्या एका घरी मोठा रेडिओ होता. 'व्हॉइस ऑफ अमेरिका'वर विलिस कोनोव्हर नावाचा गृहस्थ रात्री जाझ लावायचा. 1955 पासून लावत होता. त्याचा आवाज खर्जातला, आणि इंग्रजी इतकं सावकाश, की जळगावच्या मुलालासुद्धा वाटावं आपल्याला इंग्रजी येतं. पहिल्या रात्री मला वाटलं रेडिओ बिघडला. दुसऱ्या रात्री वाटलं, वाजवणाऱ्यांचं आपापसात बिनसलंय. आठवड्यानं ध्यानात आलं की बिनसलेलं नाही, ते एकमेकांना प्रश्न विचारताहेत. आणि मग एके रात्री मी दचकून उठून बसलो. कारण हे मी आधी ऐकलेलं होतं! कुठं? तर लग्नाच्या वरातीत.

यात नवल काही नाही. आपल्या चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, 1951 साली 'अलबेला'ला संगीत दिलं, तेव्हा त्यांच्याजवळ चिक चॉकलेट नावाचा गोव्याचा ट्रंपेटवाला होता. लुई आर्मस्ट्राँग हे त्याचं दैवत. पडद्यावरही तो आपल्या ताफ्यासकट दिसतो. मा. भगवान नाचले, सगळा महाराष्ट्र नाचला, आणि दुसऱ्या दिवसापासून गावोगावच्या बँडवाल्यांनी ती गाणी क्लॅरोनेटवर चढवली. म्हणजे अमेरिकन सरकारला अक्कल सुचायच्या पाच वर्षं आधीच न्यू ऑर्लिन्सचा माल गोवा, मुंबई, पुणतांबा या मार्गानं जळगावच्या नवीपेठेत येऊन पोचला होता. त्याला व्हिसा लागला नाही आणि महापौरांचा हारही लागला नाही.

तर मुद्दा असा. भाचा म्हणाला, "मामा, संगीतानं माणसं जवळ येतात." मी "हो" म्हणालो आणि फोन ठेवला. पण आंघोळ करताना माझ्या डोक्यात एक किडा शिरला. जे संगीत सरकारनं काही हेतू मनात धरून पाठवलेलं असतं, ते संगीत संगीत राहतं का? की ते गोड बोलणं होतं?

असले प्रश्न मी सौ.पुढं ठेवतो. ती ते वरणासारखे घोटून देते.

"अहो," ती म्हणाली, "गेल्या हिवाळ्यात शेजारच्यांनी भरीत पाठवलं होतं. आठवतं?"

आठवतं म्हणजे काय! बामणोदची हिरवी वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, बडगीत ठेचलेली, वर कांद्याची पात आणि तळलेले शेंगदाणे, सोबत कळण्याच्या पुऱ्या. ताट भरून आलं होतं. तिसऱ्या दिवशी शेजारी कागद घेऊन आले. त्यांना कुंपणाची भिंत दोन फूट वर चढवायची होती आणि माझी सही हवी होती.

"तुम्ही सही केलीत."

"केली."

"मग भरीत वाईट होतं का?"

भरीत उत्तम होतं. इथं माझी पंचाईत झाली. हेतू कळल्यावरही मला ते भरीत मागाहून बेचव झालं असं म्हणता येईना. वांग्याला काय ठाऊक भिंतीचं? पण भिंत वर चढली आहे, आमच्या तुळशीवर दुपारनंतर ऊन येत नाही, हेही खरं. म्हणजे चव एकीकडे खरी आणि भिंत दुसरीकडे खरी. या दोन खऱ्या गोष्टींची बेरीज करायला मला कुठल्या शाळेत शिकवलं नाही.

जाझच्या बाबतीतही असंच आहे. ब्रूबेकला पाठवलं होतं लोकशाहीचा नमुना म्हणून. तो मुंबईत सतारिये अब्दुल हलीम जाफर खान यांच्याबरोबर बसला, तुर्कस्तानात रस्त्यावरच्या वादकांकडून नऊ मात्रांचा वेगळाच हिशेब ऐकून आला, आणि पुढच्याच वर्षी त्यानं पाच मात्रांची, नऊ मात्रांची अशी रेकॉर्ड काढली की ती जगभर खपली. शिकवायला गेलेला माणूस मोजायला शिकून परत आला. एलिंग्टनच्या ताफ्यातल्या बिली स्ट्रेहॉर्नला दिल्लीत खोलीत बसल्या बसल्या एका मैनेचा आवाज ऐकू आला. तो त्यांच्या पुढच्या एका रचनेत जाऊन बसला. त्या मैनेला कुठल्याच सरकारनं शिष्टमंडळात घेतलेलं नव्हतं. एलिंग्टनचा तो दौरा तुर्कस्तानात असताना अर्धाच राहिला, कारण 22 नोव्हेंबर 1963 ला केनेडींचा खून झाला आणि सरकारनं पुढचे कार्यक्रम रद्द केले. ज्याची सुपारी, त्याच्या सुतकात वाजवायचं नाही. बँडवाल्यांना हा नियम नवीन नाही.

इथवर मी सौ.च्या बाजूचा होतो. भरीत चांगलं ना, मग झालं. पण आर्मस्ट्राँगचं वाचलं आणि घास अडकला.

1957 साली लुई आर्मस्ट्राँगला सरकारतर्फे रशियात पाठवायचं चाललं होतं. त्याच सप्टेंबरात लिटल रॉक नावाच्या गावी नऊ काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत जायचं होतं. तिथल्या गव्हर्नरनं दारावर सैनिक उभे केले. मुलांना आत सोडेनात. आर्मस्ट्राँग आयुष्यभर हसतमुख म्हणून प्रसिद्ध. घाम पुसायचा रुमाल हातात, बत्तीस दात बाहेर. तो माणूस त्या दिवशी बिघडला. माझ्या माणसांना असं वागवणाऱ्या सरकारच्या वतीनं मी रशियात जाणार नाही, असं त्यानं वार्ताहराला सुनावलं. आणि अध्यक्ष कोण, तर तेच भगिनी शहरांवाले आयझेनहॉवर. बहिणी परदेशात आणि घरातल्या लेकरांना शाळेचं दार बंद! पुढं काही दिवसांनी त्यांनी लष्कर पाठवून मुलांना आत नेलं, हे त्यांच्या खात्यावर जमा केलं पाहिजे.

पण हाच आर्मस्ट्राँग 1960 च्या ऑक्टोबरात सरकारतर्फेच काँगोत गेला. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. त्या वेळी त्या देशाचा पंतप्रधान लुमुंबा आपल्याच घरात पहाऱ्यात कोंडलेला होता. जानेवारीत त्याला ठार मारलं. मारलं ते दुसऱ्यांनी, पण ज्या सरकारनं ट्रंपेट पाठवली त्याच सरकारची गुप्त माणसंही त्याचा काटा काढायच्या खटपटीत होती, हे 1975 साली त्यांच्याच संसदेच्या चौकशीत बाहेर आलं. या सगळ्यावर 2024 साली एक चित्रपटही निघाला. ट्रंपेट वाजवणाऱ्याला यातलं काय ठाऊक? वांग्याला जेवढं भिंतीचं, तेवढंच. पण वांगं हे वांगं आहे. आर्मस्ट्राँग माणूस होता. आणि ऐकणारे? तेही माणसंच होती. वाजणं सुरू झालं की आपण जे विचारायला उभे असतो ते विसरतो. संगीताची ही ताकद आपण नेहमी कौतुकानं सांगतो. ती भीतीनंही सांगितली पाहिजे.

हे मी तावातावानं सौ.ला सांगत होतो. ती शेंगा सोलत होती. मधेच म्हणाली, "आणि आपल्या भाऊजींच्या लग्नातलं?"

मी गप्प बसलो. आता तुम्हांला ते सांगायला हवं.

1975 चा मे महिना. माझ्या थोरल्या भावाचं लग्न, मुलगी धुळ्याची. म्हणजे अगदी भगिनी शहरांचाच करार. आम्ही एस.टी.ची गाडी ठरवून वऱ्हाड नेलं. वडिलांनी माझ्याकडे खातं दिलं बँडचं. जळगावचा बँड धुळ्याला न्यायचा होता, कारण धुळ्याच्या बँडवर आमच्या मंडळींचा विश्वास नव्हता. बारा माणसं, लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, एकाच्याही मापाचा एकही कोट नाही. वाद्यं टपावर. बँडमास्तर क्लॅरोनेट वाजवायचे. तिशीच्या आसपासचे, काळेसावळे, बारीक मिशी. पारोळ्यापर्यंत ते क्लॅरोनेट मांडीवर घेऊन बसले होते. टपावरच्या उन्हानं लाकूड तडकतं म्हणाले.

मांडवाच्या दाराशी पोचलो तर समोर दुसरा बँड उभा! मुलीकडच्यांचाही आमच्या बँडवर तेवढाच विश्वास होता.

"आमना गावमा आमना बँड पह्यले वाजी!" त्यांच्याकडचं एक वडीलधारं माणूस म्हणालं.

"वऱ्हाड आमचं, वाजवनारे आमचे, तं तुम्ही मधातच काहून?" आमच्याकडचं एक वडीलधारं माणूस म्हणालं.

त्यातच आमच्या नवरदेवाच्या मामांनी रुसवा धरला. त्यांना सरबत कोमट मिळालं होतं. मे महिन्यात, चव्वेचाळीस डिग्रीत, बर्फ संपला होता. मामा एस.टी.त जाऊन बसले आणि ड्रायव्हरला म्हणाले, गाडी जळगावकडे वळव. वीस मिनिटांत दोन बापांचे आवाज चढले, दोन बाया रडू लागल्या, आणि 1906 ची फाळणी पुन्हा नव्यानं होते की काय अशी वेळ आली. मी बँडचा प्रमुख या नात्यानं ड्रमच्या आडोशाला उभा होतो.

तेव्हा मास्तरांनी कोणाला न विचारता क्लॅरोनेट तोंडाला लावलं आणि 'नागिन'मधली ती पुंगी सुरू केली. फार हळू. जणू काही स्वतःलाच ऐकवताहेत. समोरच्या बँडात एक सतरा-अठरा वर्षांचा पोरगा होता. त्याच्याही हातात क्लॅरोनेट. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि तीच ओळ परत केली. मास्तरांनी तिला एक वेलांटी दिली. पोरानं वेलांटी उचलली आणि खाली एक उकार जोडला. मग सुरू झालं! हा विचारतोय, तो सांगतोय. 'नागिन'मधून 'अलबेला'त, 'अलबेला'तून कुठल्याशा अहिराणी गाण्यात, तिथून परत. दोन्हीकडच्या ढोलवाल्यांना राहवेना. त्यांनी एकच ठेका धरला. लोक गच्चीवर चढले. रस्त्यावरच्या टांगेवाल्यानं घोडा थांबवला. आणि एस.टी.चं दार उघडून मामा उतरले, ते रुमाल तोंडात धरून नागासारखे जमिनीवर डोलतच मांडवात आले. नाच संपल्यावर त्यांनी घामानं भिजलेल्या मास्तरांना सगळ्यांदेखत मिठी मारली.

पुढं बऱ्याच वर्षांनी मी मुंबईत रंगभवनावर एकदा जाझ ऐकायला गेलो होतो. निरंजन झवेरींनी 1978 साली तिथं 'जाझ यात्रा' सुरू केली होती. यात्रा म्हटल्यावर मला सारंगखेड्याचा घोडेबाजार आठवला आणि मी तिकीट काढलं. तिथं दोन सॅक्सोफोनवाले समोरासमोर उभे राहून चार-चार मात्रांचे तुकडे फेकू लागले. शेजारचा जाणकार मला म्हणाला, हे तुम्हांला नवीन असेल. मी म्हणालो, नाही हो, हे मी धुळ्याला पाहिलंय.

असं झालं ते लग्न. आता जेवणाचं. वरण-बट्टी होती, वांग्याची भाजी होती. पंगती उठत होत्या. मास्तर आणि त्यांची माणसं आमच्याबरोबर उभी होती. मी त्यांना "बसा" म्हणणार, एवढ्यात आमच्यातल्याच एका वडीलधाऱ्या माणसानं मला बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, "बँडवाल्यांचं पान मागं." मागं म्हणजे वाड्याच्या मागं, गोठ्यापलीकडे. का, ते सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. मला कळलं होतं. मास्तरांनाही कळलं होतं. ज्या मामांनी मिठी मारली तेही समोर पहिल्या पंगतीत बट्टी कुस्करत होते. त्यांनीही पाहिलं.

मी काय केलं? मी मागं गेलो आणि पत्रावळी मांडायला सांगितलं. खातं माझ्याकडे होतं ना! दोन्ही बँड तिथंच बसले, जळगाव आणि धुळं एका ओळीत. वाढप्यानं पाणी वरूनच ओतलं. मास्तर मला एवढंच म्हणाले, "भाऊ, पोरं दमली. जरा लवकर वाढाले सांगा." मी सांगितलं. त्या दिवशी माझ्या हातून घडलेलं सगळ्यात धाडसाचं कृत्य ते.

लिटल रॉकच्या शाळेच्या दारावरचे सैनिक मला वाचताना फार दुष्ट वाटले होते. त्यांच्याकडेही बहुधा कोणीतरी खातं दिलेलं असणार.

डिझी गिलेस्पीची एक हकीकत आहे. तो तुर्कस्तानात बड्या लोकांसाठी वाजवायला उभा होता. कुंपणाबाहेर गरिबांची पोरं डोकावत होती. हा म्हणाला, ती आत आल्याशिवाय मी वाजवत नाही. मग ती आत आली. म्हणजे दूताचं काम करणाऱ्या माणसालाही अट घालता येते. सरकारचा विमानखर्च घेऊनसुद्धा येते. ब्रूबेक आणि त्याच्या बायकोनं तर याच विषयावर एक अख्खी संगीतिका लिहिली, खरे राजदूत कोण अशी, आणि 1962 साली माँटेरेच्या उत्सवात ती आर्मस्ट्राँगनंच गायली.

आमच्या मास्तरांनी यातलं काही वाचलेलं नव्हतं. 1980 साली धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा मी त्यांच्याकडे सुपारी द्यायला गेलो. ते म्हणाले, "येतो भाऊ. फक्त कागदावर लिवा, जेवन पंगतीत." आवाज चढलेला नाही, काही नाही. भाव सांगावा तसं सांगितलं.

मी तो कागद घरी आणला. घरात दोन दिवस शांतता होती. एक काका म्हणाले, आता बँडवालेही अटी घालणार. एक काकू म्हणाल्या, दुसरा बँड बघा. शेवटी वाटाघाटी होऊन असं ठरलं की बँडला जेवणच नको, वर एकावन्न रुपये जास्त द्यावेत. म्हणजे त्यांचाही मान राहिला आणि आमचाही. मी हा तोडगा मास्तरांना सांगितला तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटत होता, हे लिहिताना आज बोटं अडखळतात. मास्तर थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं." आणि लग्नात नेहमीइतकंच चांगलं वाजवलं. ते वाईट वाजवतील अशी मला धास्ती होती. वाईट वाजवलं असतं तर बरं झालं असतं असं पुढं वाटू लागलं.

तर भाच्याचा फोन आला, सौ.नं ही आठवण काढली, आणि मी त्याच संध्याकाळी मास्तरांना शोधत गेलो. आता ते ऐंशीचे. दात नाहीत, त्यामुळे क्लॅरोनेट नाही. नातू वाजवतो, पण डी.जे.नं धंदा बसवलाय. मी खाटेवर त्यांच्याशेजारी बसलो. चहा झाला. मी म्हणालो, "मास्तर, धुळ्याच्या लग्नातलं आठवतं? तुम्ही वाजवलं म्हणून लग्न लागलं."

"हो का?" ते म्हणाले.

"मामा बसमधून उतरले नसते. दोन्ही घरं तुटली असती."

"मले कुठं ठाऊक भाऊ, कोन बसमधे होतं."

मी चाट पडलो. "मग तुम्ही वाजवलं कोणासाठी?"

"तो पोरगा होता ना समोर. त्याच्या बँडवाल्यानं त्याले पहिल्यांदाच उभं केलं होतं. हात कापत होते त्याचे. वरचा सूर फाटाले लागला. म्हटलं, सोपी ओळ द्यावं, म्हंजे त्याची भीड जाईन." ते हसले. "अन् मंग मलेच ऐकेना तो!"

पन्नास वर्षं मी ज्याला दोन घराण्यांतला समेट समजत होतो, ती एका पोराची शिकवणी होती.

मी जेवणाचं काढलं. म्हणजे काढायचा प्रयत्न केला. "मास्तर, त्या दिवशी मी..." एवढं म्हणून पुढं जमेना. ते ऐकत होते. त्यांनी मला मदत केली नाही. "चालायचंच" असंही म्हणाले नाहीत. मी तसाच बसलो, तेही बसले. मग नातू आत क्लॅरोनेट पुसत होता त्याच्याकडे बोट करून म्हणाले, "तुमचा भाचा अमेरिकेत हाये म्हन्ता?"

"हो."

"याच्या रीडी चांगल्या भेटत नाही हल्ली." रीड म्हणजे क्लॅरोनेटच्या तोंडाशी बांधतात ती पातळ पत्ती. तिच्यावर सगळा सूर. "तिकडं भेटतीन का? पैसे देईन मी."

मी त्या रविवारी भाच्याला सांगितलं. त्याला जाझचा ताफा पाठवायचा होता, त्यामुळे थोडा हिरमुसला, पण दिवाळीला कोणीतरी येणार होतं त्याच्या हाती त्यानं एक डबी पाठवली. दहा पत्त्या. मी ती घेऊन मास्तरांकडे गेलो. त्यांनी पैसे काढले, मी घेईना. त्यांनी ते माझ्या खिशात घातले. मग डबी उघडून पत्त्या एकेक करून दिव्यासमोर धरल्या, त्यांतल्या पाच नातवाला दिल्या, आणि उरलेल्या पाच रुमालात बांधल्या.

"या कोणाला?"

"धुळ्याच्या पोराले. तो वाजवतो अजून." तो पोरगा आता सदुसष्ट-अडुसष्टचा असेल. दोघांचं जाणंयेणं तेव्हापासून आहे, हे मला त्या दिवशी कळलं. आमचं आणि आमच्या व्याह्यांचं मात्र 1983 सालापासून एका म्हशीच्या पैशांवरून बोलणं नाही.

नातू ते पुडकं घेऊन स्टँडवर निघाला. धुळ्याच्या गाडीच्या कंडक्टरकडे द्यायचं होतं. मास्तरांनी त्याला दारातून हाक मारून बजावलं, "टपावर ठेवू नको म्हना त्याले, उन्हानं तडकतीन."